महापूर, मदत आणि राजकारण : सभासदाने काय ध्यानात ठेवावे?





शेती खात्याच्या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खते, हुमणी याविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गट कार्यालयांच्या बैठकांत मी बसतो तेव्हा उसाची चर्चा दहा मिनिटे होते आणि महापुराचा वाद तासभर चालतो. नदीकाठचा सभासद म्हणतो, "साहेब, हा पूर आभाळातनं आला न्हाई, धरणातनं सोडला." त्यावर माळाकडचा सभासद म्हणतो, "नदीच्या पोटात ऊस लावायचा आणि सरकारच्या नावानं बोंब मारायची, हे काय खरं हाय?" मग एकजण अलमट्टीचे नाव घेतो, दुसरा पक्षाचे, आणि बैठक बिघडते. गेल्या खेपेस तर दोन सख्खे चुलतभाऊ चहा न घेता उठून गेले.

मी कारखान्याचा नोकर आहे. कोणत्याही पक्षाची बाजू मांडणे हे माझे काम नव्हे. परंतु वाद नेमका कशाचा आहे, कोण काय म्हणतो आणि त्यात आपल्या पदरात काय पडते, हे समजून घेतल्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

झाले काय?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तर आयर्विनजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दोन्ही जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी बोट उलटून माणसे गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. लोक म्हणाले, असा पूर २००५ सालीही पाहिला नव्हता. आणि पुरती दोन वर्षे होतात न होतात तोच जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा ५६ फुटांवर गेली.

आता गंमत बघा. २०१९ मध्ये राज्यात भाजप-शिवसेना युतीचे सरकार होते आणि काँग्रेस-राष्ट्रवादी विरोधात होते. २०२१ मध्ये शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे महाविकास आघाडीचे सरकार होते आणि भाजप विरोधात. म्हणजे दोन वर्षांत खुर्च्या बदलल्या, नदी मात्र तीच राहिली. पहिल्या पुरात जे "मदत उशिरा, अपुरी" म्हणत होते त्यांना दुसऱ्या पुरात "शक्य ते सर्व करू" म्हणावे लागले, आणि पहिल्या पुरात जे उत्तरे देत होते ते दुसऱ्या पुरात प्रश्न विचारू लागले. सभासदांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर बैठकीतला अर्धा वाद तिथेच मिटेल.

वाद पहिला : पाणी कोणी आणले?

यात दोन गोष्टी मिसळल्या जातात. त्या वेगळ्या करू.

एक, आपली वरची धरणे. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, वारणेची ३४ टीएमसी, राधानगरीची ८ टीएमसीच्या वर. टीकाकारांचे म्हणणे असे की, पावसाळा अर्धाही सरला नसताना धरणे भरत आणली, मग मोठा पाऊस लागला तेव्हा साठवायला जागाच उरली नाही, आणि खाली पूर असतानाच वरून पाणी सोडावे लागले. सरकारी अभियंत्यांचे उत्तर असे की, पाऊसच असाधारण होता, आणि धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटातील पाणी कोणत्याही दरवाजाने अडत नाही. दोन्हींत तथ्य आहे. धरण आधी रिकामे ठेवावे आणि पुढे पाऊस दगा देऊन गेला, तर जानेवारीत उसाच्या पाळ्या कोठून द्यायच्या? तेव्हा आपणच मोर्चा काढणार. पाणी साठवणे आणि पूर अडवणे ही एकाच धरणाला दिलेली दोन कामे आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. नेमका पावसाचा अंदाज आणि रोजचे नियोजन यांच्याशिवाय हा तिढा सुटत नाही.

दुसरी गोष्ट अलमट्टी. अलमट्टीची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा दुसऱ्या लवादाने (अध्यक्ष न्या. ब्रिजेशकुमार) डिसेंबर २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशामुळे त्या निवाड्याची राजपत्रातील प्रसिद्धी अडली. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने उंचीवाढीत बुडणाऱ्या जमिनीचे दर ठरवले : बागायतीला एकरी ४० लाख, जिरायतीला एकरी ३० लाख रुपये. त्यामुळे आपल्याकडे पुन्हा आगडोंब उसळणे साहजिक होते. या एका मुद्द्यावर मात्र महाराष्ट्रातले बहुतेक पक्ष एका बाजूला उभे राहिले.

अलमट्टीमुळे आपल्याकडे पूर येतो का? २०१९ च्या पुरानंतर सरकारने निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मे २०२० मध्ये सादर झाला. त्यात अलमट्टी हे पुराचे कारण नाही, असाधारण पाऊस आणि नदीपात्रातील अतिक्रमणे व अडथळे ही कारणे आहेत, असा निष्कर्ष होता. अभियंत्यांचा हिशेब सोपा आहे : कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ५४३ मीटर उंच, आणि अलमट्टीचा भरलेला तलाव ५१९.६०. वीस मीटरहून जास्त खालचे पाणी वर कसे चढेल?

कृती समित्यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणेही नीट ऐकण्यासारखे आहे. तलावातले पाणी ताटातल्या पाण्यासारखे सपाट नसते. वरून मोठा लोंढा येत असला की तलावाच्या शेपटीकडे पाण्याला चढ येतो, त्यालाच फुगवटा म्हणतात. त्यात कृष्णेला या भागात उतार फार कमी. तलावाच्या तोंडाशी पाण्याचा वेग मंदावतो, गाळ बसतो, आणि मधल्या हिप्परगी बंधाऱ्याची भर पडते. म्हणून पाणी चढते तेवढेच चढले तरी उतरायला दिवस लागतात, असे त्यांचे म्हणणे.

मी काही पाटबंधाऱ्याचा अभियंता नाही, माझी कृषी पदविका. परंतु ऊसवाला म्हणून एक सांगतो. आपल्या पिकाला किती फूट पाणी आले यापेक्षा किती दिवस राहिले याने जास्त मार बसतो. दोन दिवसांत उतरलेल्या पुरातला ऊस सावरतो. आठवडाभर शेंडा पाण्याखाली राहिला तर पोंगा कुजतो, डोळे फुटून पांगशा येतात, ऊस आतून पोकळ पडतो आणि वजन व उतारा दोन्ही जातात. त्यामुळे पाणी उतरण्याचा प्रश्न हा आपला खरा प्रश्न आहे, मग त्याचे कारण अलमट्टी असो की आपल्याच पुलांचे भराव.

दोन्ही राज्यांनी रोज बोलून पाणी सोडले तर फरक पडतो, हे मात्र कोणीच नाकारत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांचे बोलणे झाल्यावर अलमट्टीचा विसर्ग पाच लाख क्युसेकच्या घरात नेला गेला. जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले आणि पावसाळ्यात एकमेकांना आकडे कळवायचे ठरले. पक्ष वेगळे असूनही हे झाले, हे लक्षात घ्या.

वाद दुसरा : मदत किती?

इथे भाषणे सोडून शासन निर्णय वाचावा लागतो.

२०१९ मध्ये आपत्ती निधीचा केंद्रीय दर बागायतीला हेक्टरी १३,५०० रुपये होता. ऊस यात येतो. म्हणजे गुंठ्याला १३५ रुपये. आता गुंठ्याला एक टन ऊस धरा, एकरी चाळीस टन म्हणजे काही फार नव्हे. त्या हंगामात दहा टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला २,७५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा केली तरी १३५ रुपये हे नुकसानीच्या पासंगालाही पुरत नाहीत.

म्हणून सरकारने २०१९ मध्ये जादा निर्णय केला : पीककर्ज असलेल्यास एक हेक्टरपर्यंतचे त्या पिकाचे कर्ज माफ, आणि कर्ज नसलेल्यास दराच्या तिप्पट, म्हणजे हेक्टरी ४०,५०० रुपये. यावरही गाऱ्हाणे होतेच. उसाचे पीककर्ज हेक्टरी याहून जास्त असते. त्यामुळे कर्जदाराला जास्त मिळाले आणि ज्याने पै न उचलता घरच्या पैशावर ऊस केला त्याला कमी. राज्याने केंद्राकडे एकूण ६,८१३ कोटी रुपयांची मागणी केली होती. त्यावरूनही केंद्र-राज्य आणि सत्ताधारी-विरोधक यांची जुंपली.

२०२१ मध्ये सरकारने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा दिसतो. पण पोटात पाहिले तर तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी आणि पुढील उपाययोजनांना ७,००० कोटी. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात लगेच पडणारा भाग लहान. म्हणूनच "२०१९ प्रमाणे द्या" ही मागणी जोर धरू लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये राजू शेट्टी यांनी प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी अशी पदयात्रा काढली ती याच मागणीसाठी. "गुंठ्याला १३५ रुपये" हे शब्द तेव्हा घरोघर पोचले.

पुढचे बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने दर वाढवले आणि मर्यादा दोन हेक्टरांवरून तीन हेक्टर केली. मे २०२५ मध्ये पुन्हा केंद्राच्या दरांवर, म्हणजे बागायतीला हेक्टरी १७,००० आणि मर्यादा दोन हेक्टर, असा निर्णय झाला. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूरकडे पुराने हाहाकार केला. विरोधकांनी ओला दुष्काळ आणि हेक्टरी ५० हजारांची मागणी केली. सरकार म्हणाले, ओला दुष्काळ हा शब्द नियमात नाही, पण दुष्काळाच्या सवलती देऊ. ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, मर्यादा पुन्हा तीन हेक्टर झाली आणि रब्बीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे धरले.

यातून काय दिसते? दर हा पुरावर ठरत नाही. निवडणूक किती जवळ आहे, ओरड किती झाली आणि तिजोरी कशी आहे यावर ठरतो. त्याच पुरात, तेवढ्याच नुकसानीला, एका वर्षी एक दर आणि दुसऱ्या वर्षी दुसरा. खरी मागणी करायची तर ही करावी की, पिकाच्या उत्पादनखर्चाशी जोडलेला एक कायमचा दर ठरवा, जो सरकार बदलले तरी बदलणार नाही. ही मागणी कोणत्याही पक्षाच्या सभासदाने बिनदिक्कत करावी.

वाद तिसरा : मदतीची रीत

घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तरच धान्य, या २०१९ च्या निकषावर लोक चिडले. हा निकष जुनाच असल्याचे सरकार पक्षाने सांगितले. धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे आली, त्यावरही गदारोळ झाला. या गोष्टी मनाला लागतात हे खरे. पण त्यावर आपण जास्त वेळ घालवू नये. छायाचित्र फाडता येते. पंचनामा चुकला तर तो दुरुस्त करता करता वर्ष जाते.

वाद चौथा : टनामागे पंधरा रुपये

हा वाद थेट आपल्या दारात आला. ३० सप्टेंबर २०२५ रोजी मंत्री समितीने २०२५-२६ च्या गाळपासाठी ठरवले की, कारखान्यांनी टनामागे १० रुपये मुख्यमंत्री साहाय्यता निधीला आणि ५ रुपये पूरग्रस्तांसाठी द्यावेत. विरोधक आणि शेतकरी संघटना म्हणाल्या, पुरात बुडालेल्या उसवाल्याच्याच बिलातून पुराची मदत कापणार काय? मुख्यमंत्र्यांचे म्हणणे पडले की, हे पैसे शेतकऱ्याच्या एफआरपीतून नव्हेत, कारखान्याच्या नफ्यातून घ्यायचे आहेत.

सभासदांनी येथे सहकाराचा हिशेब लक्षात घ्यावा. कायद्याने एफआरपी ही किमान किंमत आहे, तिला हात लावता येत नाही. त्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला ती टनाला ३,५५० रुपये होती. पण सहकारी कारखान्याचा "नफा" म्हणजे कोणाचा? मालक तर सभासदच. एफआरपीच्या वर जो दुसरा हप्ता मिळू शकतो त्यातूनच हे पंधरा रुपये जातात. म्हणून "शेतकऱ्याचे नाहीत" हेही पुरते खरे नाही आणि "एफआरपी कापली" हेही खरे नाही. अडचणीतल्या बांधवाला द्यायला आपला नकार नाही. २०१९ ला आपल्याला बाहेरच्या जिल्ह्यांतून ट्रकच्या ट्रक भरून मदत आली होती, ती विसरून चालणार नाही. मात्र देणगी ही सभासदांना विचारून, सभेत ठराव करून दिलेली बरी. हुकमाने घेतली की तिची पट्टी होते.

आता आपल्या घरचे बोलू

सरकारला चार शब्द सुनावले, आता स्वतःकडे बघू. वडनेरे समितीने अतिक्रमण म्हटले तेव्हा आपण सारे शहराकडे बोट दाखवले. शहरात निळ्या रेषेच्या आत बांधकामे झाली हे खरेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. पण नदीकाठची मळी भरून पात्रापर्यंत सरी कोणी पाडली? ओढे बुजवून एकाचे दोन एकर कोणी केले? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढायचे असतात. "अजून आठ दिवस पाणी राहू द्या" म्हणून ते काढू न देणारे कोण? आणि ऊस वाहायला रस्ता पाहिजे म्हणून शेतरस्त्यावर मोरी न घालता भराव टाकण्याचा आग्रह धरणाऱ्यांत आपले शेती खातेही होते, हे मी कबूल करतो.

एक गोष्ट मला स्वतःला अजून टोचते. २०१९ ला पंचनाम्याच्या वेळी बुडीत उसाची यादी करण्यास आमच्या खात्याने मदत केली. यादी मी आमच्या ऊसनोंदीवरून केली. एका गावातील काही सभासदांची नोंद कारखान्याकडे वडिलांच्या नावे, सातबारा मुलांच्या नावे, आणि पीकपाहणीचा रकाना कोरा. यादी आणि सातबारा जुळेनात, नावे बाजूला पडली. त्यांत एक विधवा बाई होत्या. त्यांचे क्षेत्र तीस गुंठे, सगळे पाण्याखाली. वारसनोंद व्हायला पुढे बरेच महिने गेले. त्या मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, ऊस माझा हाय हे कारखान्याला ठाऊक होतं, तुमचा चिटबॉय दर वर्षी माझ्याच दारात येतोय." मला उत्तर देता आले नाही. त्यांना मिळाले नाही यात कोणत्याही पक्षाचा दोष नव्हता. दोष कागदाचा, आणि थोडा माझा.

सभासदांनी काय करावे?

१. पाऊस लागण्यापूर्वी सातबारा, आठ-अ, बँक खाते आणि कारखान्याची ऊसनोंद ही एकाच नावाची आहेत का पाहावे. वारसनोंद राहिली असेल तर गट कार्यालयात सांगावे.

२. ई-पीक पाहणी स्वतः करावी. लागण की खोडवा, तारीख काय, हे नीट भरावे. कोरा रकाना म्हणजे पडीक जमीन.

३. पूर आल्यावर पाणी शेतात असतानाच फोटो काढावेत. बांधाची ओळख पटेल असा एखादा खांब किंवा झाड त्यात यावे.

४. पंचनाम्याला हजर राहावे, आणि सही करण्यापूर्वी क्षेत्र वाचावे. एकर आणि हेक्टर यांत गफलत होते.

५. पाणी ओसरताच चर काढून साचलेले पाणी बाहेर काढावे. वाफसा आल्यावर नत्र व पालाशची मात्रा द्यावी. शेंडा कुजलेल्या, पांगशा फुटलेल्या उसाची नोंद गट कार्यालयात लगेच द्यावी, म्हणजे तोडणी कार्यक्रमात असा ऊस आधी घेण्याचा विचार करता येतो.

६. बरगे वेळेवर काढणे, ओढे मोकळे करणे यांसाठी गावसभेत ठराव करावा. हे सरकार कोणतेही असो, आपल्याच हातात आहे.

नदीकाठच्या सभासदाचा राग खोटा नाही आणि माळाकडच्याचा सवालही खोटा नाही. पण दोघांच्या उसाची मोळी एकाच गव्हाणीत पडते. काठावरचा ऊस बुडाला की गाळप कमी होते, आणि गाळप घटले की टनामागे खर्च वाढून माळाकडच्याच्याही दरावर ताण येतो. म्हणून पूर हा काही फक्त काठाचा प्रश्न नव्हे.

पुढच्या गट बैठकीला येताना भाषणाचे कात्रण आणू नका, सातबारा आणा. दोन्ही चुलतभावांना माझे खास आमंत्रण आहे. चहा कारखान्याचा.

आपला,
ऊस विकास अधिकारी